एकाच महामार्गावरचे जोडे

राष्ट्रीय महामार्ग 48 दिल्लीहून निघतो, मुंबई-पुणे करत कोल्हापूरला येतो, कागल सोडलं की निपाणीपाशी कर्नाटकात शिरतो, बेळगाव-हुबळीवरून बंगळूर गाठतो आणि पुढे कृष्णगिरी, वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट करत चेन्नईला संपतो. चपला-बुटांत ज्याला रस आहे त्यानं हा रस्ता एकदा नकाशावर बोट फिरवून पाहावा. कोल्हापूर-निपाणीच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या हातानं बनणारी चप्पल आहे. आंबूर-राणीपेटच्या बाजूला टॅनऱ्या आहेत आणि युरोप-अमेरिकेला बूट पाठवणारे कारखाने आहेत. या दोहोंच्या मध्ये बंगळूर.

बंगळूरचा सर्जापूर रोड या महामार्गापासून काही किलोमीटरवर समांतर धावतो. कोरमंगल-अगरच्या बाजूनं निघून इब्लूरला तो बाह्यवळण रस्ता ओलांडतो, दोड्डकन्नेल्लीला विप्रोच्या मुख्यालयासमोरून जातो, दोम्मसंद्र मागे टाकून आनेकल तालुक्यातल्या सर्जापूर गावी पोचतो आणि तिथून अत्तिबेलेला होसूरच्या हमरस्त्याला मिळता येतं. एके काळी दोन्ही अंगांना शेतं आणि तळी होती, आता उंच इमारतींच्या सोसायट्या आहेत. त्यांत पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-सांगलीहून नोकरीसाठी आलेली मराठी घरंही पुष्कळ. शेजारच्या एचएसआर लेआउटमध्ये निफ्ट या फॅशन संस्थेचं केंद्र आहे. डिझाइन शिकलेली मुलं, नवं काही पायात घालून पाहायला तयार असलेला पगारदार ग्राहक आणि कच्च्या मालाकडे जाणारा रस्ता या तीन गोष्टी इतक्या जवळ देशात फार थोड्या ठिकाणी येतात. म्हणून स्वतंत्र पादत्राण-डिझायनर हा माणूस नेमकं काय करतो, त्याला सुचतं कुठून आणि त्याच्या वाटेत काय येतं, हे समजून घ्यायला हा रस्ता चांगला.

स्वतंत्र म्हणजे कुठल्या मोठ्या कंपनीच्या पगारावर नसलेला. स्वतःच्या नावानं वर्षाला काहीशे, फार तर काही हजार जोड काढणारा. अशा माणसाच्या टेबलावर सुंदर रेखाचित्रं असतील अशी आपली कल्पना असते. असतातही. पण बुटाची खरी सुरुवात कागदावर होत नाही, कलबुतावर होते.

कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. पूर्वी लाकडी असे, आता बहुतेक प्लास्टिकचा असतो. तो पायाची हुबेहूब नक्कल मात्र नसतो. बोटांच्या पुढे त्यात थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, टाचेकडे तो किंचित आवळलेला असतो, आणि टाच जितकी उंच तितका त्याच्या तळव्याला बाक असतो. पाय चालताना लांबतो, पसरतो, संध्याकाळपर्यंत सुजतो. या सगळ्याचा अंदाज त्या एका ठोकळ्यात बांधलेला असतो. मानवी पावलात 26 हाडं आणि तीसहून अधिक सांधे आहेत. त्यांना दिवसभर सुखात ठेवायचं की छळायचं, हे वरच्या रंगीत कातड्याच्या आधी कलबूत ठरवतं.

कलबुतावर नमुना काढण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. आधी कागदी चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक चढवत कलबूत पूर्ण झाकायचं. मग त्या पट्टीवरच पेन्सिलीनं रेषा काढायच्या: पुढचा भाग कुठे संपतो, बाजूचा कुठे सुरू होतो, फीत कुठून जाते. कागदावर काढलेली रेषा आणि वळणावळणाच्या ठोकळ्यावर काढलेली रेषा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण इथे ती तीन बाजूंनी दिसते. रेषा मनासारख्या झाल्या की धारदार पात्यानं मधोमध चीर द्यायची, पट्टी अलगद सोलून काढायची आणि जाड कागदावर सपाट चिकटवायची. गोलसर पृष्ठभाग सपाट होताना कुठे सुरकुती पडते, कुठे ताण येतो. तिथे किती सोडायचं आणि किती दाबायचं, हे सांगणारं पुस्तक नाही. ते हाताला कळावं लागतं. त्या नमुन्याला शिवणीची, दुमडीची आणि तळाखाली ओढून घ्यायची जास्तीची कड जोडली की कातडं कापायचं. जिथे दोन थर एकावर एक येणार तिथे रापीनं कड तासून पातळ करायची, नाहीतर नेमकं तिथेच पायाला लागतं.

मग शिवलेला वरचा भाग कलबुतावर चढवून, ओढून, खाली पक्का करायचा. जोडेकामातली ही सर्वांत अवघड पायरी. एकोणिसाव्या शतकात कातडं शिवणारी यंत्रं आली तरी हे काम माणसाच्या हातातच राहिलं होतं आणि ते करणारा कारागीर दिवसाला पन्नासेक जोड करी. 1883 मध्ये अमेरिकेतल्या लिन या बूट बनवणाऱ्या शहरात यान मॅत्सेलिगर नावाच्या कामगारानं त्यासाठी यंत्राचं पेटंट घेतलं. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचा, कृष्णवर्णीय, इंग्रजी अमेरिकेत येऊन शिकलेला. त्याच्या यंत्रानं तेच काम दिवसाला दीडशेपासून सातशे जोडांपर्यंत नेलं. जगभर बूट स्वस्त झाले आणि मॅत्सेलिगर क्षयानं 36 व्या वर्षी वारला. ज्या शोधामुळे सामान्य माणसाच्या पायात बूट आला, त्याच शोधामुळे हातानं थोडे जोड करणाऱ्याचं गणित कायमचं अवघड झालं.

ते गणित असं. प्रत्येक मापाला कलबुताचा एक जोड लागतो. 36 ते 41 अशी सहा मापं विकायची ठरवली तर सहा जोड. टाचेची उंची बदलली की सगळी कलबुतं नवी. टोक निमुळतं हवं असेल तर पुन्हा नवी. तळ साच्यातून ओतायचा असेल तर प्रत्येक मापाला धातूचा वेगळा साचा. कारखाने शेकडो जोडांखाली हात लावायला तयार नसतात. म्हणून नवा डिझायनर कारखान्यात पडून असलेलं तयार कलबूत उचलतो आणि त्याच्यावर आपलं कातडं, आपले रंग, आपली नक्षी चढवतो. बाजारातले पुष्कळ वेगवेगळ्या नावांचे जोडे आकारानं सारखे दिसतात ते यामुळे. आपल्याकडचे बरेच स्वतंत्र डिझायनर टाचेच्या बुटांऐवजी सपाट चपला, जुत्या, मोजड्या यांच्याकडे वळतात, त्यामागे परंपरेचं प्रेम आहेच, पण कलबुताचा आणि साच्याचा हा हिशोबही आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. अडचणीतून सुचणं ही या कलेची फार जुनी वाट आहे.

आता कलबूत कुणाच्या पायाचं, हाही प्रश्न आहेच. भारतात वापरात असलेली मापं ब्रिटिश, युरोपीय आणि अमेरिकी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर 79 ठिकाणी 1,01,880 लोकांच्या पावलांची मापं घेतली, त्रिमितीय स्कॅनरनं पायाचा आकार टिपला. निष्कर्ष दुकानात बूट चावलेल्या प्रत्येकाला पटेल असा निघाला: भारतीय पाऊल सरासरीनं अधिक रुंद आहे. अरुंद बुटात ते बसावं म्हणून आपण लांबीला मोठं माप घेत आलो, आणि मग बूट पुढे सैल, मध्ये घट्ट. या पाहणीवरून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. मोठ्या कंपन्यांना त्यासाठी साचेच्या साचे बदलावे लागतील. लहान डिझायनरकडे बदलायला फारसं काही नसतं. त्यानं पहिलंच कलबूत रुंद पंजाचं करून घेतलं तर या एका बाबतीत तो मोठ्यांच्या पुढे असेल.

स्वतंत्र डिझायनरचं आयुष्य कसं असतं याचा जगातला सर्वांत बोलका नमुना म्हणजे साल्वातोरे फेरागामो. आज त्याचं नाव बड्या कंपनीचं नाव झालं आहे, त्यामुळे सुरुवात विसरली जाते. दक्षिण इटलीतल्या बोनितो या गरीब खेड्यात 1898 साली तो जन्मला. चौदा भावंडांतला अकरावा. जोडे शिवणं हे तिथे हलकं काम समजत आणि आईवडिलांना मुलानं ते करणं मान्य नव्हतं. बहिणीच्या पहिल्या कम्युनियनच्या धार्मिक विधीला पांढरे बूट घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा नऊ वर्षांच्या साल्वातोरेनं गावच्या चांभाराकडून सामान मागून आणलं आणि रात्रीतून बूट शिवले. विरोध मावळला. पोरवयातच त्यानं घरात दुकान थाटलं, मग अमेरिकेत भावांकडे गेला. बोस्टनच्या कारखान्यात यंत्रानं बनणारे बूट पाहून त्याला ते जड आणि बेढब वाटले. तो कॅलिफोर्नियात गेला, चित्रपटांसाठी जोडे करू लागला, 1923 मध्ये हॉलिवूडमध्ये त्याचं दुकान झालं.

त्याच्या आयुष्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. नट्या त्याच्या बुटांचं कौतुक करत, पण पाय दुखतात हेही सांगत. म्हणून हा दुकानदार विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकायला गेला. उभ्या माणसाचं वजन पावलाच्या कमानीवर येतं, आणि बूट मात्र टाच व चवडा यांनाच आधार देतात, हे त्याच्या ध्यानात आलं. मग कमानीखाली पोलादी पट्टी घालून त्यानं बूट नव्यानं रचला. 1927 मध्ये तो इटलीत फ्लॉरेन्सला परतला, हातानं काम करणारे कारागीर जमवले, मंदीत 1933 साली दिवाळखोर झाला आणि पुन्हा उभा राहिला.

1935 मध्ये मुसोलिनीनं इथिओपियावर स्वारी केली. राष्ट्रसंघानं इटलीवर निर्बंध लादले आणि चांगलं पोलाद मिळेनासं झालं. हलक्या पोलादाच्या पट्ट्या मोडू लागल्या. फेरागामोनं सार्डिनियातलं बूच घेतलं, टाच आणि चवडा यांच्यामधली पोकळी त्याच्या तुकड्यांनी भरून काढली. पट्टीची गरजच उरली नाही. आज आपण ज्याला वेजेस म्हणतो, मुंबईच्या लोकलपासून सर्जापूर रोडच्या ऑफिसांपर्यंत सगळीकडे दिसणारी ती भरीव टाच, अशी जन्मली. पेटंट 1937 चं. कातडं मिळेना तेव्हा त्यानं चॉकलेटच्या वेष्टनासारखा पारदर्शक कागद पिळून त्याचे पट्टे विणले. 1947 साली मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याचे पट्टे करून त्यानं ‘अदृश्य’ सँडल बनवली. एकूण साडेतीनशेच्या वर पेटंटं त्याच्या नावावर आहेत. फ्लॉरेन्सच्या त्याच्या संग्रहालयात नामवंत गिऱ्हाइकांच्या पायांची लाकडी कलबुतं नावानिशी जपून ठेवली आहेत.

या माणसाला ‘प्रेरणा’ कुठून मिळे याचं उत्तर चित्रांत किंवा फुलापानांत शोधण्यापेक्षा त्याच्या हाताशी पडलेल्या सामानात शोधावं. बूच, दोरा, वेष्टन. पादत्राणाचा चांगला डिझायनर आधी सामानाशी ओळख करून घेतो आणि त्या सामानाचा स्वभाव जाणणाऱ्या कारागिराशी. रेखाचित्र नंतर.

कारागिराचा शोध घेत बंगळूरहून महामार्ग 48 नं उलट निघालं की बेळगाव जिल्हा लागतो. महामार्ग सोडून आत, कृष्णेच्या बाजूला अथणी. मराठी आणि कन्नड दोन्ही घराघरांत बोलणारा हा सीमाभाग. कोल्हापुरी म्हणून देशभर विकली जाणारी चप्पल फार मोठ्या प्रमाणावर इथे, मदभावीसारख्या आसपासच्या गावांत आणि निपाणीकडे बनते. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेही दोन राज्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.

कोल्हापुरीचं सामान म्हणजे म्हशीचं कातडं तळाला आणि शेळीचं वरच्या पट्ट्यांना, वेण्यांना. कातडं चुन्यात ठेवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमवायचं. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात, तिच्यात साल भरून पाणी ओततात आणि ते पाणी कातड्यातून झिरपत राहतं. याला आठवडेच्या आठवडे जातात. क्रोमियमचे क्षार वापरणारी आधुनिक टॅनरी हेच काम एखाद-दोन दिवसांत करते, पण तिच्या सांडपाण्याची किंमत महामार्गाच्या दुसऱ्या टोकानं मोजली आहे. पालार नदीच्या खोऱ्यातल्या टॅनऱ्यांनी केलेल्या प्रदूषणाविरुद्धच्या वेल्लोरच्या नागरिकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये दिलेला निकाल भारतीय पर्यावरण कायद्यात आजही आधाराला घेतला जातो. डिझायनर कातड्याचा नमुना हातात घेऊन ‘हे चालेल’ म्हणतो, तेव्हा कुणाच्या पाण्यात काय मिसळणार हेही त्यात ठरत असतं.

कमावलेलं कातडं भिजवायचं, ठोकायचं, तळाचे थर कापायचे, आरीनं भोकं पाडून कातड्याच्याच वादीनं शिवायचं. खिळा नाही. बाजूला कान, वर पट्टा, पुढे अंगठा. आणि या सगळ्यात परंपरेनं कलबूत नाही. नवी चप्पल कडक असते, पहिले काही दिवस चावते, तेल मुरलं आणि पाय रुळला की तळव्याचा ठसा तिच्यात उमटतो. फेरागामोनं गिऱ्हाइकाच्या पायाचं लाकूड कोरून जे साधलं, ते इथे गिऱ्हाइकाचा पाय स्वतःच चालून चालून करतो. रचनेचा हा इतका वेगळा विचार आहे की याला नुसती कारागिरी म्हणणं अपुरं आहे. हे डिझाइन आहे आणि ते कुणीतरी केलं आहे.

त्या ‘कुणीतरी’ची नावं मात्र सहसा उरलेली नाहीत. जुन्या प्रकारांना गावांवरून नावं पडली, कापशी हे त्यातलं ठळक. आजची हलकी कोल्हापुरी ज्या कुटुंबाच्या नावाशी जोडली जाते ते कोल्हापूरचं सौदागर कुटुंब. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या जाड, वजनदार पायताणाला पातळ केलं, दोन्ही बाजूंना कान ठेवले आणि ही कानवाली चप्पल मुंबईच्या जे. जे. अँड सन्स या दुकानात पाठवली. पहिला माल हातोहात खपला, मागणी वाढली, इतरांना शिकवावं लागलं. मळ्यात आणि डोंगरात चालायचं पायताण शहरातल्या माणसाच्या पायात आलं. गिऱ्हाईक बदललं हे ओळखून जाडी कमी करणं, ओळख मात्र न पुसणं, बाजार शोधणं: स्वतंत्र डिझायनरचं सगळं काम यात आहे. शाहू महाराजांच्या राज्यात चर्मोद्योगाला मिळालेल्या उत्तेजनाचा पायाही त्यामागे होता. पण शाळा-महाविद्यालयांत डिझाइनचा इतिहास शिकवताना हे उदाहरण कितीसं येतं?

न येण्याचं कारण उघड आहे. बोनितोत जे काम हलकं समजत ते आपल्याकडे जातीनं बांधलेलं होतं. ढोरांनी कातडं कमवायचं, चांभारांनी शिवायचं, कर्नाटकात समगारांनी शिवायचं, आणि पायात घालणाऱ्यांनी करणाऱ्याला शिवायचं नाही. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, हरळय्या हे जोडे शिवणारे शरण, म्हणजे बसवण्णांच्या भक्तिपंथातले संत, होऊन गेले. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला उलट दुप्पट नमस्कार केला, या ऋणातून मुक्त होण्यासाठी हरळय्या आणि कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवून त्यांना अर्पण केले, अशी कथा सीमाभागात घरोघर सांगतात. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, मस्तकी धरले. जोडे करणाऱ्याला मान देण्याबद्दल याहून ठाम गोष्ट मला ठाऊक नाही. हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातल्या मुलीशी लागलं तेव्हा मात्र राजसत्तेनं त्यासाठी देहान्ताची शिक्षा दिली, हेही त्याच परंपरेत सांगितलं जातं.

बंगळूर आणि अथणी यांना आधुनिक डिझाइनच्या धाग्यानं जोडण्याचं महत्त्वाचं काम 1990 च्या दशकाच्या अखेरीस झालं. बंगळूरच्या ‘असेंट’ या संस्थेच्या मधुरा छत्रपती यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अथणीत काम सुरू केलं आणि त्यातून ‘टोहोल्ड’ हे नाव उभं राहिलं. अथणीत कापणी-ठोकणी पुरुष करत आणि वेण्या घालणं, पट्टे शिवणं बायका करत. पण व्यवहार, पैसे आणि ‘कारागीर’ ही ओळख पुरुषांकडे. टोहोल्डनं बायकांचे बचत गट बांधले, उद्योगाची मालकी त्यांच्या हाती दिली, मापं पक्की केली, नवे रंग आणि नव्या मांडण्या आणल्या, माल परदेशी गेला. मापं पक्की करणं हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण डावी-उजवी चप्पल एकसारखी, आणि या महिन्याचं 38 नंबर पुढच्या महिन्यातही 38 च, याशिवाय दूरचं गिऱ्हाईक टिकत नाही. कलबुताशिवाय जगलेल्या कलेला मापाची शिस्त लावायची आणि तिचा सैल, पायाशी जुळवून घेणारा गुण जाऊ द्यायचा नाही, ही तारेवरची कसरत. सर्जापूर रोडवर बसून कोल्हापुरीला नवं रूप देऊ पाहणाऱ्या कुणालाही ती चुकणार नाही, आणि ती बंगळूरच्या टेबलावर सुटणारही नाही. त्यासाठी पाचशेहून अधिक किलोमीटर जाऊन, वेणी घालणाऱ्या बाईच्या शेजारी बसून, कुठला पट्टा कुठे ताणतो हे तिला विचारावं लागतं.

सामानापासून सुरुवात करणाऱ्या आजच्या तरुणांत आशय भावे हे नाव घ्यायला हवं. दुबईत शिकत असताना त्यानं वापरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या हे बुटाचं सामान होऊ शकेल का, हा प्रश्न घेतला. पिशव्या धुऊन, एकावर एक रचून, उष्णता आणि दाब दिला की कातड्यासारखा पत्रा तयार होतो. त्याला त्यानं थेलीटेक्स म्हटलं आणि 2021 मध्ये तेविशीच्या उंबरठ्यावर ‘थेली’ हा ब्रँड बाजारात आणला. एका जोडात 10 पिशव्या आणि 12 बाटल्या. बाटल्यांपासून अस्तर आणि नाड्या, तळ पुनर्वापराच्या रबराचा, खोक्याच्या कागदात तुळशीवर्गीय बेझिलच्या बिया, म्हणजे खोकं मातीत पुरलं तर रोप यावं. जोडणी जालंधरच्या कारखान्यात. रूप मात्र त्यानं 2000 च्या दशकाच्या सुरुवातीच्या बास्केटबॉलच्या बुटांवरून घेतलं. सामान अगदी नवं आणि आकार ओळखीचा, ही निवड विचारपूर्वक आहे. दोन्ही नवं असतं तर गिऱ्हाईक बिचकलं असतं. त्याच वर्षी उद्योगपती आनंद महिंद्रांनी जाहीरपणे त्याची दखल घेतली आणि नाव देशभर झालं.

नाव होणं सगळ्यांच्या वाट्याला कसं येत नाही, हे जून 2025 मध्ये मिलानमध्ये दिसलं. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात चक्क कोल्हापुरीसारखी चप्पल होती आणि वर्णनात नुसतं ‘चामड्याची सँडल’. कोल्हापुरातून, अथणीतून संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, जुलैत तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका मात्र फेटाळली गेली, कारण याचिका करणारे मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

इथे कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी, कारण स्वतंत्र डिझायनरचा तिच्याशी रोज संबंध येतो. भौगोलिक मानांकन नावाचं रक्षण करतं. मानांकनातल्या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. पण कुणी नावच घेतलं नाही आणि नुसतं रूप उचललं, तर हा कायदा फारसा कामाला येत नाही. रूपाचं रक्षण 2000 चा डिझाइन कायदा करतो: आधी दहा वर्षं, वाढवून पंधरा. त्याची अट मात्र ही की रूप नवं हवं, आधी प्रसिद्ध झालेलं नको. शतकभर पायात असलेल्या कोल्हापुरीला ती अट पुरी करणं अशक्य. म्हणजे सर्जापूर रोडवरच्या डिझायनरनं कोल्हापुरीच्या कानाला दिलेलं नवं वळण त्याच्या नावावर नोंदवता येईल, आणि तो कान ज्यांनी आधी काढला त्यांच्या वारसांना काहीच नोंदवता येणार नाही. कायद्यानं हे योग्य असेल, मला ते पचत नाही. अशा वेळी करारात कारागिराचा हिस्सा आणि मालावर त्याचं नाव, हे डिझायनरनं स्वतःहून लिहिलं तरच येतं.

डिसेंबर 2025 मध्ये प्राडानं महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळाशी करार केला. दोन्ही राज्यांत मिळून सुमारे 2000 जोड बनवून घ्यायचे, किंमत 800 युरोंच्या घरात, आणि कारागिरांना प्रशिक्षण. बोलणी सुरू होण्यासाठी आधी ओरड व्हावी लागली, हे लक्षात राहीलच. त्याआधी त्याच वर्षी महाराष्ट्राच्या महामंडळानं कोल्हापुरीच्या जोडांवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली होती. मोबाइल धरला की चप्पल कुणी बनवली, कुठल्या जिल्ह्यात, कातडं कुठलं, कमावलं कसं, हे दिसतं. लहान डिझायनरला ही सोय करायला महामंडळ लागत नाही, खोक्यावर दोन ओळी छापल्या तरी पुरे: कल्पना कुणाची, कापणी कुणाची, वेणी कुणाची, गाव कोणतं.